एकतीस तारखेला कुठे झोपलात?

आमच्या गातिनोत ओडिल ब्राबांला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. फेब्रुवारी संपत आला की चर्चच्या तळघरात कराचे अर्ज फुकट भरून देणाऱ्यांची टेबलं लागतात. ओल्या बुटांचा आणि शिळ्या कॉफीचा वास, रांगेत उभी माणसं, प्रत्येकाच्या हातात कागदांनी भरलेला बुटांचा खोका. चार टेबलांपैकी तिसरं ओडिलबाईंचं. त्या टेबलावर नंबर लागू नये म्हणून लोक रांगेत मागच्याला पुढे सोडतात. मी स्वतः सोडलेलं आहे, खोटं कशाला बोलू?

बाई काही वाईट नाही. हिशेब तर असा करते की संगणकाच्या यंत्राने तोंडात बोट घालावं. यंत्राला हात लावण्याआधी ती पेन्सिलने एका कागदावर अंदाज काढते. इतका पगार, इतका केंद्राचा कर, इतका प्रांताचा, इतकी सूट, आणि खाली एक आकडा. मागाहून यंत्र सांगतं त्यात पन्नास डॉलरांचा फरक पडला तर ती दिवसभर घुश्श्यात असते. भानगड आहे ती तिच्या पहिल्या प्रश्नाची.

"एकतीस डिसेंबरला तुम्ही कुठे राहत होता?"

आता आमच्याकडे हा प्रश्न म्हणजे फौजदाराने विचारावा तसा. नदीच्या या काठाला क्वेबेक प्रांत, त्या काठाला ओंटारियो, मध्ये पूल. अर्धं गाव रोज सकाळी पूल ओलांडून ओटावाला कामाला जातं. केंद्राचा कर दोन्हीकडे भरायचाच, पण प्रांताचा कर त्या काठाला कमी आणि आमच्या काठाला जबर. आणि कायदा असा विलक्षण, की वर्षाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही ज्या प्रांताचे रहिवासी, त्याच प्रांताचा कर अख्ख्या वर्षावर बसतो. मग काय, डिसेंबर आला की आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना ओटावातले भाऊ, मावश्या आणि मेव्हणे अचानक आठवायला लागतात.

परवाच शाळेची बस चालवणारा एक मिशाळ बाप्या तिच्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "मी भावाकडे असतो मादाम, ओटावाला."

"हो का? आरोग्यपत्र बघू."

फुकट दवाखान्याचं हे पत्र ज्याच्या त्याच्या प्रांताचं असतं. बाप्याने खिसे चाचपले. पाकिटातून पत्र निघालं ते सूर्यास्ताचं चित्र असलेलं, म्हणजे चक्क आमच्या क्वेबेकचं.

"तिकडे राहता आणि आजारी पडायला इकडे येता?"

"तसं नाही मादाम, ते बदलायचं राहिलंय…"

"किती वर्षं राहिलंय?"

"चौदा."

"मेल्या, कोट काढ आणि नीट बस," ओडिलबाई म्हणाल्या, "आता खरं सांग आणि दोन्ही अर्ज भर. एक केंद्राला, एक क्वेबेकला. अंदाज काढून देते, घाबरू नकोस." त्याला खरोखरच फार कर बसला नाही. उलट एक सवलत तिनेच शोधून दिली. पण तो उठला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

माणूस जन्मतः एवढा संशयी नसतो. ओडिलबाईंनाही रेजांनेच तसं केलं. रेजां म्हणजे तिचा नवरा, पुलापलीकडे एका छापखान्यात कामाला होता. साधा, गोडबोल्या. पगार किती, तर तो सांगेल तितका. ही त्या वेळी कागद गिरणीच्या कचेरीत चारशे माणसांचे पगारपत्रक करायची, पण घरचा कागद तिने कधी मागितला नाही. नऊ वर्षांपूर्वी रेजां गेला. मेलेल्या माणसाचाही शेवटचा अर्ज भरावा लागतो. तो भरायला तिने छापखान्यातून जुने कागद मागवले, आणि बघते तर काय, अकरा वर्षं तो सांगायचा त्याहून सहा-सात हजार जास्तच कमवत होता. ते पैसे गेले कुठे? बाई, घोडे, पत्ते? तिला आजतागायत पत्ता लागलेला नाही. थडग्यावर फुलं ठेवायला जाते तेव्हाही ती विचारते म्हणे, "सांग ना रे आता तरी."

त्यानंतर तिने कुणावर विश्वास ठेवला नाही. खाटकाच्या काट्यावर नाही, हवामानाच्या बातमीवर नाही, पोटच्या मारीसवर, लेकीवर, जेमतेम.

अशा बाईच्या घरात वेंडेल शिरला कसा, याचंच सगळ्यांना नवल. वेंडेल ओटावाकडचा, आयरिश घराण्यातला, सिटी बसच्या गॅरेजात मेकॅनिक. वसंतात मेपलचा रस उकळतात त्या झोपडीवर कुणीतरी दोघांना एकाच बाकावर बसवलं. त्याने बर्फावर ओतलेला गरम पाक काडीला गुंडाळून तिच्या हातात दिला आणि तासभर एक शब्द बोलला नाही. तेच तिला आवडलं. बोलका माणूस एकदा भोगून झाला होता ना! पुढच्या जुलैत, आमच्याकडे सगळं गाव बिऱ्हाडं बदलतं त्या दिवसांत, तो तिच्या घरी राहायला आला. एक हत्यारांची पेटी, एक रेडिओ, चार सदरे.

येऊन आता पावणेतीन वर्षं झाली. छप्पर गळायचं थांबलं, दारं कुरकुरायची थांबली, बाईंच्या गालांवर मांस आलं. सगळं छान, पण दोन गोष्टी तिच्या घशाखाली उतरत नव्हत्या.

पहिली ही, की वेंडेल आपला कराचा अर्ज तिला भरू देत नसे. सांगा बरं! घरात सगळ्या गातिनोचे अर्ज भरणारी बाई, आणि हा पठ्ठ्या आपले कागद घेऊन ओटावातल्या कुणा ओळखीच्याकडे जायचा. "तुला आधीच किती काम," म्हणायचा. कागदावर असं काय आहे जे हिने बघू नये? पोटगी? सोडलेली बायको? एखादं पोर?

दुसरी गोष्ट एकतीस डिसेंबरची. दर वर्षी त्या दिवशी दुपारी चारला वेंडेल पिशवी भरायचा. दात घासायचा ब्रश, इस्त्रीचा सदरा. म्हणायचा, "गॅरेजात पाळी आहे." बाई निमूटपणे मांस भरून भाजलेली पोळी, आमची तुर्तिएर, ताटलीसकट फडक्यात बांधून द्यायची, कारण सणाच्या दिवशी उपाशी कुणाला धाडायचं? आणि तो परत यायचा दुसऱ्या दिवशी दुपारी. आमच्यात पहिल्या जानेवारीला घरातल्या कर्त्या पुरुषाने लेकरांना आशीर्वाद द्यायची रीत आहे. मारीस त्या दिवशी येऊन गुडघे टेकायची, आणि खुर्ची रिकामी बघून आईलाच हात डोक्यावर ठेवावा लागायचा. तीन वर्षं हेच. आणि तुर्तिएरची ताटली तर कधी परत आली नाही.

यंदा जानेवारीत त्याचा सदरा धुवायला घेतला तेव्हा खिशातून एक पावती निघाली. ओटावा, एक जानेवारी, सकाळी आठ. दोन कॉफी, दोन डोनट.

दोन!

शेजारच्या फर्नांदने पावती उजेडाकडे धरून बघितली. फर्नांदला अशा गोष्टींत भारी रस.

"एक माणूस दोन कॉफी पितो का गं?"

"थंडी असली तर पीत असेल," ओडिल म्हणाली.

"आणि दोन डोनट? ओडिल, तू सगळ्या गावाचं आरोग्यपत्र बघतेस. याचं बघितलंस का कधी?"

ओडिलने पावती हिसकावून घेतली. पण शब्द रुतायचा तो रुतला. वेंडेलचं आरोग्यपत्र ओंटारियोचं, गाडीची नंबरपाटी ओंटारियोची, पगाराच्या कागदावरचा पत्ताही ओटावाचाच असणार. तो माणूस इथे जेवत होता, झोपत होता, छप्पर दुरुस्त करत होता, आणि कागदावर मात्र तो इथे नव्हताच. रेजां निदान कागदावर तरी तिचा होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वेंडेलच्या कोटाच्या आतल्या खिशात तिला पगाराचं वार्षिक पत्र सापडलं. सापडलं म्हणजे शोधलं. पगार बासष्ट हजार. पत्ता ओटावाच्या पूर्व भागातला, चर्चमागच्या एका गल्लीतला. तिने पत्ता पेन्सिलने उतरवून घेतला, पत्र होतं तसं ठेवलं, आणि गुरुवारी तळघरातल्या टेबलावर "आज येत नाही" असा निरोप धाडून पुलावरची बस पकडली. सतरा वर्षांत तिने गुरुवार चुकवला नव्हता.

बसमध्ये तिने दार उघडणारी बाई कशी असेल ते ठरवून टाकलं होतं. पन्नाशीची, केस रंगवलेली, तिच्या तुर्तिएरवर पोसलेली. काय बोलायचं तेही ठरलं होतं, इंग्रजीत, दोनदा घोकून.

दार उघडलं ते काठी टेकत आलेल्या ऐंशीच्या पुढच्या म्हातारीने. मिसेस प्रुडम. घरमालकीण.

"वेंडेल? तो इथे नसतो," म्हातारी म्हणाली. "तू कोण?"

"मी… त्याचा कर भरते," ओडिल म्हणाली. दुसरं काही तोंडातून निघेनाच.

"बरी आलीस. वर जाऊन बघ, माझे गुडघे चालत नाहीत."

वरची खोली म्हणजे अडगळीची. एक लोखंडी खाट, एक दिवा, दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. खिडकीत तीन ताटल्या एकावर एक, लख्ख घासून ठेवलेल्या. ओडिलने आपल्या ताटल्या ओळखल्या. एकीच्या कडेला पोचा होता, तो तिच्याच हातून पडलेला. बाईची एक पिन नाही, केस नाही, वास नाही. गादी उचलून बघितली, तिच्याखालीही काही नाही.

"वर्षातून एकदा येतो," खाली आल्यावर मिसेस प्रुडमने सांगितलं. "महिन्याला साठ डॉलर देतो खोलीचे, आणि टपाल घेऊन जातो. एकतीसला येतो, चिखलात रुतल्यासारखे पाय ओढत. मला तुझ्यासारख्याच कुणीतरी केलेली मांसाची पोळी देतो. सकाळी माझ्यासाठी कॉफी आणि डोनट आणतो. मी एकदा विचारलं, अरे, तिकडे बाई आहे ना कुणी? तर म्हणतो, आहे म्हणूनच इथे झोपायला यावं लागतं. करासाठी म्हणे."

"करासाठी?"

"या काठावर झोपलं की कर कमी बसतो म्हणाला. तुला माहीत असेल, तूच भरतेस ना?"

ओडिल बसथांब्यावर येऊन उभी राहिली. दोन बस आल्या आणि गेल्या. संशय फिटला म्हणून हायसं वाटायला हवं होतं, पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरी बाई असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं! या माणसाने तिला तीन सण एकटं बसवलं, आशीर्वादाची खुर्ची रिकामी ठेवली, ती फक्त प्रांताच्या करासाठी. आणि तेही चुकीचं! एक रात्र तिकडे घोरलं म्हणून कुणी तिकडचा रहिवासी होतो? चारशे माणसांचे पगार काढलेल्या बाईच्या घरात राहून हा माणूस एवढं ढळढळीत चुकतो, आणि विचारत नाही!

संध्याकाळी पाचला वेंडेल कामावरून आला. ओडिलने मटारचं घट्ट सूप त्याच्यापुढे ठेवलं आणि शेजारी पोचा पडलेली ताटली.

वेंडेलने ताटली बघितली. चमचा खाली ठेवला.

"गेली होतीस?"

"गेले होते. कुणी सांगितलं तुला, झोपण्यावर कर ठरतो म्हणून?"

"गॅरेजातल्या लॅरीने. म्हणाला, एकतीसला ज्या काठावर डोकं टेकशील, त्या काठाचा कर."

"लॅरी! लॅरी टायर बदलतो ना रे? मी काय करते?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! तुझे सदरे कुठे टांगलेत? हत्यारं कुठे आहेत? घसा धरला की काढा कोण करतं? यालाच राहणं म्हणतात, कप्पाळ माझं! तिकडे तू नुसता घोरतोस."

वेंडेलने सूप बाजूला सारलं. मग म्हणाला, "किती बसेल?"

हा प्रश्न तिला हजारदा विचारला गेला होता. तिने पेन्सिल घेतली. बासष्ट हजार. केंद्राचा कर, त्यातून क्वेबेकवाल्यांना मिळणारी सूट वजा. मग क्वेबेकचा. त्यातून ओंटारियोत जे गेलं ते वजा. फरक वर्षाला एकवीसशेच्या आसपास, तीन वर्षांचे मिळून सहा हजार चारशे, व्याज वेगळं. डोक्यात आकडा लख्ख होता.

कागदावर तिने लिहिलं, सात हजार चारशे.

का लिहिलं? ती नंतर म्हणाली, हातानेच लिहिलं. पण मी सांगतो, तिला बघायचं होतं. या घरात उघडपणे राहायची किंमत वाढवली तर हा माणूस कुठे थांबतो ते तिला बघायचं होतं. रेजांची अकरा वर्षं बोलत होती त्या पेन्सिलीतून.

वेंडेलने कागद वाचला. घडी घातली आणि खिशात ठेवली. "विचार करतो," म्हणाला. तिचा चेहरा उतरला, पण तिने सूप पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं.

सोमवारी सकाळी तो पिशवी घेऊन गेला. "दोन-चार दिवस लागतील," एवढंच बोलला. कशाला लागतील? तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मंगळवारी फोन वाजला, बुधवारीही वाजला. तिने उचलला नाही. गोड बोलून काढता पाय घ्यायचा असला की माणसं फोनच करतात, हे तिचं जुनं मत.

"गेला ना?" फर्नांद कुंपणावरून म्हणाली. "सात हजार ऐकले आणि पळाला. पुरुषाची जात!"

"तू तुझ्या पायऱ्यांवरचा बर्फ काढ," ओडिल म्हणाली आणि दार लावून घेतलं. आत येऊन मात्र ती खुर्चीत बसली आणि रडली. हजार डॉलर जास्त लिहून माणूस पळवून लावला होता तिने. सहा हजार चारशेला कदाचित राहिला असता.

गुरुवारी तळघरातून आल्यावर मन रमवायला तिने स्वतःचा अर्ज काढला. तो ती दर वर्षी सगळ्यांचे झाल्यावर, पाच मिनिटांत भरते. नाव, पत्ता, विधवा. मग क्वेबेकच्या अर्जातला तो प्रश्न आला, वर्षभर घरात एकट्याच राहत होतात का. पेन्सिल सवयीने 'होय'च्या चौकोनावर गेली आणि तिथेच थांबली.

वेंडेल आल्यावरही दोन वर्षं तिने तिथे फुली मारली होती. एकट्या राहणाऱ्याला सवलत मिळते, वर्षाला तीनशेच्या आसपास. पहिल्या वर्षी मारताना तिने स्वतःला समजावलं होतं, तो काय, आज आहे उद्या नाही. दुसऱ्या वर्षी, त्याचा पत्ता तिकडचाच आहे. आणि या तिसऱ्या वर्षी तर पेन्सिल उचलण्याआधीच मनाशी म्हणून झालं होतं, एकतीसला घरात दुसरं कोण होतं? मी एकटीच तर होते. लॅरीला टायरवाला म्हणून हिणवणाऱ्या बाईने लॅरीचाच कायदा स्वतःला लावला होता. मिशाळ बाप्याला तिने कोट काढून बसवलं होतं, आणि स्वतः मात्र कोट घालूनच बसली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. अर्ज तसाच टेबलावर सोडून ती उठली.

शुक्रवारी दुपारी तीनला अंगणात गाडीचा आवाज आला. ओडिल खिडकीशी गेली. वेंडेलचीच गाडी, पण पुढची नंबरपाटी गायब. ओंटारियोच्या गाडीला पुढेही पाटी असते, मागेही. हिच्या मनात पाल चुकचुकली, कुठे ठोकली याने? पोलिसांनी काढून घेतली? मग वेंडेलने गाडी वळवून मागे घेतली, आणि मागची पाटी दिसली. पांढऱ्यावर निळी, कोरी करकरीत, क्वेबेकची. आमच्याकडे गाडीला मागे एकच पाटी असते.

तो आत आला. एका हातात दिवा, दुसऱ्यात उरलेल्या दोन ताटल्या, काखेत कॅलेंडर.

"गाडीच्या तपासणीला नंबर लागत नव्हता," तो म्हणाला. "फोन केला होता मी, दोनदा. रात्री त्या खोलीतच काढल्या, मग ती सोडली. म्हातारी रडली. रविवारी तिला जेवायला बोलावलंय, तुला न विचारता."

ओडिलच्या तोंडून भलतंच निघालं. "वेंडेल, तो आकडा खोटा होता. हजार जास्तीचे लिहिले मी."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"मंगळवारी एका कचेरीत अंदाज काढून घेतला. पैसे देऊन. सहा हजार चारशे." त्याने ताटल्या ओट्यावर ठेवल्या. "म्हटलं, ही पन्नास डॉलर चुकली तर जेवत नाही, हिचे हजार कसे चुकले? पुलावर गर्दीत अडकलो होतो तेव्हा उलगडलं."

"काय उलगडलं?"

"तीन एकतीस डिसेंबर. दर खेपेचे तीनशे तेहतीस लावलेस. मला स्वस्तच वाटले."

टेबलावरचा अर्ज ओडिलने त्याच्यापुढे सरकवला आणि त्या चौकोनावर बोट ठेवलं. "माझेही सहाशे निघतात," ती म्हणाली. "एकटी राहते म्हणून घेतले. दोन वर्षं."

वेंडेलने चष्मा लावून प्रश्न वाचला. त्याचं फ्रेंच कच्चं, त्याने दोनदा वाचला.

"एकटी होतीस?"

"एकतीसला होते," ती म्हणाली.

त्याने बूट काढले आणि दाराशी, तिच्या बुटांना लागून ठेवले. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला, पगाराचं पत्र खिशातून काढून तिच्या अर्जावर ठेवलं, आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.